उतारावरची फळी आणि ऊर्जेचा हिशेब

प्रतिनिधी, बोईसर

ऊर्जा निर्माण करता येत नाही, तशीच ती नष्टही होत नाही. ती केवळ रूप बदलते, असा धडा इयत्ता नववीच्या विज्ञानातील ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणात विद्यार्थी शिकतात. दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांना ऊर्जा वाचवण्याविषयी निबंध लिहायला आणि चित्रे काढायला सांगितले जाते. जी नष्टच होत नाही, ती वाचवायची कशासाठी, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडला, तर त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. वर्गात या प्रश्नाचे उत्तर बहुधा व्याख्या पुन्हा वाचून दिले जाते. वास्तविक हे उत्तर हाताने तपासता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी चार चाकांची एक फळी, चार विटा व मोजपट्टी एवढे साहित्य पुरते.

इंग्रजीत या दोन्ही कल्पनांसाठी ‘कॉन्झर्व्हेशन’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांचा गोंधळ अधिक होतो. मराठीत ‘अक्षय्यता’ आणि ‘संवर्धन’ असे दोन निराळे शब्द आहेत. पहिला निसर्गाचा नियम सांगतो, दुसरा माणसाने काय करावे ते सांगतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला भाषेनेच दिलेली ही सोय आहे; मात्र तिच्याकडे शिक्षकांचेही फारसे लक्ष जात नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र ज्या परिसरात १९६९ पासून उभे आहे, जेथे औद्योगिक वसाहतीत यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात आणि जेथून मुंबईकडे जाणारी लोकल सुटते, त्या पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातील मुलांना तरी ऊर्जेचा हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही.

बेअरिंगची गाडी आणि स्केटबोर्ड

स्केटबोर्ड म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद अशी, लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली फळी. तिच्याखाली दोन आस आणि चार चाके असतात. प्रत्येक चाकात दोन बॉल बेअरिंग बसवलेली असतात. या बेअरिंगचा क्रमांक ६०८. आतील छिद्र ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर आणि जाडी ७ मिलिमीटर. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हातात दिसणाऱ्या भिरभिऱ्यातही, म्हणजे फिजेट स्पिनरमध्येही, हेच बेअरिंग असे.

खरे तर ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. गॅरेजमध्ये टाकून दिलेली बेअरिंग मिळवून, ती लाकडी पट्टीच्या टोकांना ठोकून, वर फळी बसवून केलेली ‘बेअरिंगची गाडी’ महाराष्ट्रातील अनेक गावांनी आणि चाळींनी पाहिली आहे. तिचा खडखडाट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई आणि दुपारी झोपलेली वडीलधारी मंडळी त्यावर रागावत. त्या खडखडाटातही ऊर्जाच खर्ची पडत असे. त्याकडे पुढे वळू.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात लाटांवर फळीने खेळणाऱ्या तरुणांनी रोलर स्केटची चाके फळीखाली बसवून जमिनीवर तोच खेळ सुरू केला, असे या खेळाच्या उगमाविषयी सांगितले जाते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, त्याला प्रथमच स्थान मिळाले आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशिया हिने अवघ्या तेराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकले. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंगचा समावेश होता. तेथे महिलांच्या स्ट्रीट प्रकाराचे सुवर्णपदक महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने पटकावले. शाळेशी या खेळाचे नाते जोडण्याचा देशातील सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावचा. जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांनी तेथे २०१५ मध्ये स्केटपार्क उभारला आणि ‘शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही’ असा नियम घालून दिला. मुलींना पहिला मान हा दुसरा नियम. या गावातील आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. जनवारच्या नियमाने मुले शाळेत आणली. आता तीच फळी शाळेच्या आत, विज्ञानाच्या तासाला आणता येते का, ते पाहू.

व्हरांड्यातील प्रयोग

या प्रयोगात फळीवर मुलाला उभे करण्याची आवश्यकता नाही, किंबहुना करूच नये. मुलगा तोल सांभाळण्यासाठी हालचाल करतो, त्याच्या अंगाला वारा अडतो आणि हिशेब बिघडतो. पडल्यास इजा होते ती वेगळीच. मुलाच्या जागी विटा ठेवाव्यात. साधारण तीन किलोची एक अशा चार विटा आणि तीन किलोचा स्केटबोर्ड धरला, तर एकूण वस्तुमान १५ किलो होते. विटा सुतळीने घट्ट बांधाव्यात.

दोन मीटर लांबीची जाड फळी किंवा प्लायवूडचा तुकडा एका टोकाखाली ठोकळे देऊन उतार तयार करावा. उताराचा पायथा आणि जमीन यांच्यामधील सांध्यावर पातळ पत्रा किंवा जाड पुठ्ठा चिकटवणे अगत्याचे आहे. तेथे चाकाला बसणारा धक्का बरीच ऊर्जा गिळतो आणि पहिल्या दिवशी प्रयोग फसतो तो बहुधा याच जागी. समोर सिमेंटचा कोबा किंवा शहाबादी फरशी असलेला पंधरा-वीस मीटरचा सपाट, सरळ व्हरांडा हवा. फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार असेल, तर स्केटबोर्ड दोन्ही दिशांनी सोडून सरासरी काढावी.

स्केटबोर्डचा मध्यबिंदू सपाटीवर असताना जेथे असतो, त्यापेक्षा २० सेंटिमीटर उंच येईल अशा जागी तो उतारावर धरावा आणि धक्का न देता सोडावा. धरलेला असताना त्याच्यापाशी स्थितिज ऊर्जा आहे. ती वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराएवढी, म्हणजे १५ गुणिले ९.८ गुणिले ०.२, अर्थात २९.४ ज्यूल. उतार संपेपर्यंत तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. घर्षण मुळीच नसते आणि चाकांच्या फिरण्यात जाणारा थोडा वाटा सोडून दिला, तर पायथ्याशी वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटर भरला असता. त्यानंतर स्केटबोर्ड व्हरांड्यात धावतो, हळूहळू मंदावतो आणि थांबतो. थांबल्यावर त्याच्यापाशी उंचीही नाही आणि वेगही नाही. मग २९.४ ज्यूल गेले कोठे? वर्गाला हा प्रश्न येथे विचारावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.

आधी मोजणी पूर्ण करावी. समजा, सुटल्याच्या जागेपासून थांबण्याच्या जागेपर्यंतचे आडवे अंतर १० मीटर भरले. २९.४ ज्यूल ऊर्जा १० मीटरमध्ये संपली, याचा अर्थ वाटेत सरासरी २.९४ न्यूटन एवढे बल गतीच्या विरुद्ध लागत होते. सामानासह स्केटबोर्डचे वजन १४७ न्यूटन. विरोधी बलाचे वजनाशी गुणोत्तर ०.०२ आले. आता गंमत अशी, की हे गुणोत्तर काढायला वजनकाटा लागतच नाही. उंची भागिले अंतर, म्हणजे ०.२ भागिले १०, केले तरी तेच ०.०२ मिळते. वस्तुमान आणि गुरुत्व त्वरण हे दोन्ही अंशात आणि छेदात येत असल्याने परस्पर कटतात. मोजपट्टीने घेतलेल्या दोन मापांत चाक आणि फरशी यांच्यातील विरोधाचा अंक हाती येतो, आणि इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या भौतिक राशी फार नाहीत.

यानंतर मुलांना अंदाज वहीत लिहायला लावून पुढच्या फेऱ्या घ्याव्यात. उंची १० सेंटिमीटर केली तर? अंतर जवळपास निम्मे, म्हणजे पाच मीटर होईल. ३० केली तर पंधरा. चारऐवजी दोनच विटा ठेवल्या तर? बहुतेक मुले या प्रश्नाला ‘हलकी गाडी लांब जाईल’ किंवा ‘जड गाडी लांब जाईल’ असे उत्तर देतील आणि दोन गट पडतील. प्रत्यक्षात अंतर फारसे बदलत नाही. वजन वाढले की ऊर्जा वाढते, पण विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. स्वतःचा अंदाज चुकल्याचे डोळ्यांनी पाहिलेले मूल तो नियम विसरत नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

पृष्ठभाग बदलण्याची फेरी सर्वांत बोलकी. शहाबादी फरशी, कोबा, डांबरी रस्त्याचा बंद तुकडा, मुरमाचे पटांगण अशा क्रमाने अंतर घटत जाते. केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर सायकल चालते आणि वरच्या कोरड्या वाळूत ती रुतते, हे तेथील मुलांना ठाऊकच असते. स्केटबोर्डची चाके लहान असल्याने कोरड्या वाळूत तो जागीच थांबेल. (वाळू आणि खारे पाणी बेअरिंगचा सत्यानाश करते, तेव्हा ही फेरी केवळ बोलण्यात घ्यावी.)

हरवलेले ज्यूल

स्केटबोर्ड थांबला तेव्हा त्याची ऊर्जा अनेक ठिकाणी वाटली गेलेली असते. बेअरिंगमधील पोलादी गोळ्या आणि त्यांच्याभोवतालचे वंगण किंचित तापले. चाकाचे रबरासारखे द्रव्य जमिनीवर टेकताना दबले आणि सुटताना फुगले. दबताना जेवढी ऊर्जा त्याने घेतली, तेवढी फुगताना परत दिली नाही. राहिलेली उष्णतेच्या रूपाने चाकातच जिरली. फरशीच्या बारीक खडबडीतपणाने सारा सांगाडा थरथरला आणि त्यातून आवाज निघाला. हवेनेही थोडा वाटा घेतला. २९.४ ज्यूल उष्णता एक ग्रॅम पाण्याला दिली, तर त्याचे तापमान सात अंश सेल्सिअसने वाढेल. येथे मात्र ती चार चाके, आठ बेअरिंग, दहा मीटर फरशी आणि व्हरांड्यातील हवा यांत पसरलेली असते. शाळेच्या तापमापकाला तिचा पत्ता लागणे शक्य नाही. म्हणूनच ती ‘संपली’ असे वाटते.

घर्षणातून उष्णता किती निघते, याकडे शास्त्रज्ञांचे लक्षही अशाच एका कामाने वेधले. म्युनिक येथे तोफांच्या नळ्या कोरताना धातू आणि पाणी इतके तापते, हे पाहून रमफर्ड याने १७९८ मध्ये त्यावर निबंध सादर केला. जोपर्यंत घोडे यंत्र फिरवत होते, तोपर्यंत उष्णता निघतच राही. ती धातूत साठवलेली वस्तू असती, तर कधीतरी संपली असती. पुढे १८४० च्या दशकात जेम्स जूल याने किती कार्य केले असता किती उष्णता मिळते, याचे काटेकोर मोजमाप केले. ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव आहे ते या कामासाठी. थंडीत तळहात चोळणारा प्रत्येकजण रमफर्डचाच प्रयोग करत असतो.

चाकाच्या द्रव्याने किती फरक पडतो, हे स्केटबोर्डच्या इतिहासातच दिसते. आरंभी चाके लोखंडी असत, नंतर पक्क्या मातीसारख्या ठिसूळ द्रव्याची आली. लहानसा खडा आडवा आला तरी ती अडत आणि स्वार तोंडघशी पडे. १९६० च्या दशकात या खेळाची लाट ओसरण्याचे हे एक कारण होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके स्केटबोर्डसाठी बाजारात आणली आणि खेळ पुन्हा उभा राहिला. हे द्रव्य खड्यावर दबते, पुढे सरकते आणि जमिनीला धरूनही राहते. मऊ चाक खडबडीत रस्त्यावर कमी ऊर्जा गमावते, कारण धक्का ते स्वतः गिळते आणि वरचा सारा भार उचलला जात नाही. गुळगुळीत फरशीवर मात्र कठीण चाक सरस ठरते, कारण ते कमी दबते. बेअरिंगची गाडी डांबरी रस्त्यावर इतकी का खडखडे आणि इतक्या लवकर का थांबे, याचे उत्तर येथे मिळते. तिची पोलादी कड मुळीच दबत नसे, त्यामुळे प्रत्येक खडीसरशी सारी गाडी, वरच्या मुलासकट, उचलली जात असे.

घर्षण नसते तर

घर्षण म्हणजे ऊर्जेचा चोर, एवढेच सांगून धडा संपवणे योग्य नव्हे. स्वार एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्याने जमीन मागे रेटतो, तेव्हा जमीन त्याला पुढे ढकलते ती घर्षणामुळेच. तेल सांडलेल्या फरशीवर त्याला पहिले पाऊलही टाकता येणार नाही. फळीच्या वरच्या बाजूला काचकागदासारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, तो पाय सरकू नये म्हणून. एकाच छोट्याशा वाहनात खाली घर्षण कमीत कमी व्हावे म्हणून बेअरिंग आणि वर ते जास्तीत जास्त व्हावे म्हणून काचकागद, असा दुहेरी संसार आहे.

या काचकागदाचे खरे मोल ‘ऑली’ या उडीत कळते. फ्लोरिडातील अॅलन गेल्फंड याच्या नावाशी ती जोडलेली आहे. हाताने न धरता फळी पायासोबत हवेत कशी येते, हे पाहणाऱ्यास जादू वाटते. स्वार मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटतो, पुढचे टोक वर उठते, त्याच क्षणी तो पुढचा पाय खरखरीत कागदावरून घासत पुढे व वर नेतो. त्या घर्षणाने फळी ओढली जाऊन सपाट होते. कागद झिजला की उडीही बसते.

वाटीसारख्या गोल उतारावर खेळणारे खेळाडू एकदाही पाय जमिनीला न लावता उंची टिकवतात, वाढवतातही. ही ऊर्जा कोठून येते? उत्तर झोपाळ्यावर आहे. उभ्याने झोका घेणारी मुलगी खालच्या बिंदूपाशी गुडघे सरळ करते आणि वर गेल्यावर पुन्हा वाकवते. स्वारही तेच करतो. त्याच्या स्नायूंनी केलेले कार्य गतीत जमा होते आणि घर्षणाने घेतलेली ऊर्जा भरून निघते. स्नायूंना ती सकाळच्या पोह्यांतून मिळालेली असते, पोह्यांना भातातून आणि भाताला सूर्यापासून. वाड्याच्या ‘कोलम’ची ख्याती सांगणाऱ्या जिल्ह्यात ही साखळी मुलांना दूरची वाटू नये.

महामार्गावरचा हिशेब

व्हरांड्यात शिकलेला हिशेब रस्त्यावर लागू केला की त्याचे गांभीर्य कळते. उंचीवरून वेग काढता येतो, तसाच वेगावरून उंचीही काढता येते. वेगाचा वर्ग करून त्याला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने भागले की झाले. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनातील माणसापाशी सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडल्याएवढी ऊर्जा असते. ताशी ६० ला ती उंची १४ मीटर होते. वेग दुप्पट, उंची चौपट.

थांबण्याचे अंतरही त्याच पद्धतीने मिळते. ही उंची टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाच्या गुणोत्तराने भागावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे गुणोत्तर साधारण ०.७ धरले, तर ताशी ६० च्या मोटारीला पूर्ण ब्रेक लावल्यावर सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ते ०.४ पर्यंत उतरले, तर ३५ मीटर. ब्रेकवर पाय जाण्यात एक सेकंद गेला, तर त्या अवधीत आणखी १७ मीटर. पावसाची पहिली सर येते तेव्हा रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा चिकट थर होऊन स्थिती आणखी बिघडते. चिल्हार-बोईसर रस्त्यावरून अवजड वाहनांच्या रांगेत दुचाकीवर कामाला जाणाऱ्यांना हे आकडे नव्हे, तरी अनुभव परिचयाचा असेल.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीवरील पुलाच्या दुभाजक भिंतीला ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोटार धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. मोटार उत्पादक कंपनीने पोलिसांना दिलेल्या अहवालातील जे तपशील त्या वेळी प्रसिद्ध झाले, त्यांनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर आणि धडकेच्या क्षणी ८९ होता. ताशी ८९ म्हणजे वरच्या हिशेबाने ३१ मीटर, अर्थात दहा मजली इमारतीची उंची. मोटार थांबली तरी न बांधलेला प्रवासी त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि ही सारी ऊर्जा त्याच्या शरीराला क्षणार्धात द्यावी लागते. पट्टा तीच ऊर्जा अधिक अंतरात आणि अधिक वेळात घेतो. मागच्या आसनावर बसणाऱ्यालाही भौतिकशास्त्र तेच आहे, हे सांगायला नववीचा विद्यार्थी पुरेसा आहे.

दुसरे उदाहरण जव्हारच्या घाटाचे. २५ टनांचा भरलेला ट्रक समजा ३०० मीटर खाली उतरला आणि त्याचा वेग वाढू दिला नाही, तर सुमारे ७.३५ कोटी ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. विजेच्या भाषेत हे २० युनिट झाले. सारी ब्रेकमध्ये जिरवली तर ब्रेक तापतात, त्यांची पकड जाते. ‘उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा’ ही पाटी म्हणूनच लावलेली असते. गिअरमध्ये गाडी असली की बराच वाटा इंजिन घेते. जुने चालक हे गणिताशिवाय जाणतात.

लोकल, तारापूर आणि मूळ प्रश्न

ताशी ६० किलोमीटरने धावणारा तोच २५ टनांचा ट्रक सपाटीवर ब्रेक लावून थांबवला, तर जवळजवळ एक युनिट वीज भरेल एवढी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. पुन्हा निघताना तेवढी डिझेलमधून घ्यावी लागते. आता लोकलचा विचार करू. विरार-डहाणू मार्गावर उपनगरी सेवा २०१३ मध्ये सुरू झाली. प्रवाशांसह लोकलचे वस्तुमान समजा ७०० टन आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर तिच्या गतीत सुमारे ४८ युनिट ऊर्जा असते. सफाळे, केळवे रोड, पालघर असे प्रत्येक स्थानक आले की ती काढून टाकावी लागते. ब्रेकच्या ठोकळ्यांनी चाके घासली, तर सारी उष्णता. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत मात्र ब्रेक लावताना मोटरच जनित्राचे काम करते आणि काही ऊर्जा वीज होऊन वरच्या तारेत परत जाते. ती जवळच वेग घेणाऱ्या दुसऱ्या गाडीला वापरता येते.

दोन्ही प्रकारांत ऊर्जेची बेरीज तंतोतंत राखली जाते. ठोकळ्यांनी थांबलेल्या गाडीतही एक ज्यूल नष्ट झालेला नसतो. फरक एवढाच, की तारेत गेलेल्या विजेने दुसरी गाडी हलते आणि चाकांभोवतीच्या हवेत पसरलेल्या उष्णतेने काहीही हलत नाही. व्हरांड्यातील फरशी आपणहून थंड होऊन स्केटबोर्ड पुन्हा उतारावर चढल्याचे कोणी पाहिलेले नाही, जरी तसे झाले असते तरी अक्षय्यतेचा नियम मोडला नसता. पसरलेली उष्णता पुन्हा गोळा करून तिचे पूर्णपणे कार्यात रूपांतर करता येत नाही, हा ऊर्जेविषयीचा वेगळा नियम आहे. शाळेत तो पुढील इयत्तांपर्यंत येत नाही आणि म्हणूनच नववीच्या मुलाचा प्रश्न लोंबकळत राहतो. ‘संवर्धन’ करायचे ते या उपयोगी रूपातील ऊर्जेचे.

तारापूरच्या अणुवीज केंद्रातही हाच नियम लागू आहे. अणुभट्टीतील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते आणि उरलेली समुद्राच्या पाण्याबरोबर निघून जाते. तेथील तिसऱ्या आणि चौथ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांनी २००६ व २००५ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. त्यांनाही या वाटणीतून सुटका नाही. डहाणूच्या औष्णिक केंद्राचेही गणित फारसे निराळे नाही. त्यामुळे घरातील एक युनिट वाचले, तर केंद्रातील सुमारे तीन युनिट उष्णता वाचते. बोईसरच्या कारखान्यात एखाद्या पंपाचे बेअरिंग वंगणाविना फिरत राहिले, तर मोटर जी जादा वीज ओढते, तिच्यामागे तारापूरच्या किंवा कोळशाच्या भट्टीत तिप्पट उष्णता खर्ची पडलेली असते.

प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी

शाळेत स्केटबोर्ड नसेल तर अडून बसू नये. हार्डवेअरच्या दुकानातील ६०८ बेअरिंग आणि जुन्या स्केटची चाके वापरून सुताराकडून फळी करून घेता येते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आयुका’तील बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी रुजवलीच आहे. उताराच्या शेवटी, व्हरांड्याच्या टोकाला जुनी गादी किंवा वाळूची पोती ठेवावीत. १५ किलोचा भार पायावर आला तर दुखापत होते, म्हणून मुलांना मार्गाच्या बाजूला रेघ आखून उभे करावे. प्रत्येक उंचीसाठी किमान तीन फेऱ्या घ्याव्यात आणि सर्वांत लांबची नव्हे, तर सरासरी नोंदवावी.

ज्यांना फळीवर उभे राहून शिकायचे आहे, त्यांनी शिरस्त्राण, गुडघे व कोपरांची कवचे घालूनच, बंद पटांगणात शिकावे. औद्योगिक वसाहतीचे सिमेंटचे रस्ते रविवारी मोकळे दिसतात, पण ते या कामासाठी नाहीत. ताशी २० किलोमीटर वेग म्हणजे दीड मीटरवरून पडणे, हा हिशेब पालकांनी मुलाबरोबर एकदा करून पाहावा.

पावसाळ्यात किनारपट्टीच्या दमट हवेत बेअरिंग महिनाभरात गंजू लागते. ते काढून, डिझेलमध्ये बुडवून, कोरडे करावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. धुण्यापूर्वीचे आणि धुतल्यानंतरचे अंतर मोजून वहीत शेजारी शेजारी लिहावे.